पानाचें रूप आणि वाचकाची तक्रार

आपल्या मुलाच्या नाकाविषयीं शेजाऱ्यानें कांहीं म्हटलें तर जसें वाटतें, तसेंच कांहींसें स्वतःच्या संकेतस्थळाच्या रूपाविषयीं कोणी बोललें म्हणजे वाटतें. मजकुरांतील चूक दाखविली तर माणूस ती निमूटपणें कबूल करतो. सनावळी चुकली, एकादें नांव चुकलें, तर "आभारी आहें" असें म्हणून तें सुधारतां येतें. परंतु रंग, अक्षराचें वळण, समासाची रुंदी या गोष्टी आपल्या आवडींतून आलेल्या असतात, आणि आवडीला कोणी नांवें ठेवलीं तर तो आपल्यालाच नांवें ठेवीत आहे असें वाटूं लागतें. गेल्या तीन वर्षांत मला या प्रकारचे जे अभिप्राय आले त्यांचें मीं काय केलें, आणि काय करावयास हवें होतें, तें आज आपणांस सांगावें असा विचार आहे.

प्रथम त्या पानाविषयीं दोन शब्द. माझें आजोळ रत्नागिरी जिल्ह्यांतलें. तेथील घर पडलें, आगर विकलें गेलें, पण त्या घरांत बोलले जाणारे शब्द माझ्या कानांत राहिले होते. पाखाडी, गडगा, मांगर, खळें, रहाट असे ते शब्द. ते कोठें तरी नीट लिहून ठेवावे, प्रत्येक शब्दाबरोबर एकादी आठवण सांगावी, म्हणून मीं एक लहानसें संकेतस्थळ उघडलें. पुस्तक काढण्याइतका मजकूर नव्हता, आणि प्रकाशकाचे उंबरठे झिजविण्याइतका उत्साहहि नव्हता. संकेतस्थळाचे लेखक, संपादक, मुद्रक आणि विक्रेते सर्व आपणच. या स्वातंत्र्याचें पहिलें फळ असें मिळालें कीं मजकुरापेक्षां रूपावरच मीं अधिक रात्रीं जागविल्या.

रूप कसें होतें म्हणाल, तर पांढऱ्या शुभ्र भूमीवर फिकट करडीं, सडपातळ अक्षरें. ओळी एकमेकींच्या अगदीं निकट. आणि मथळे जांभ्या दगडाच्या रंगाचे, कारण आजोळचें घर जांभ्याचें होतें. ज्या शब्दावर बोट ठेवलें असतां दुसरें पान उघडतें त्याला दुवा म्हणतात. दुव्याखालीं रेघ देण्याची वहिवाट आहे, पण मला ती रेघ ओबडधोबड वाटे, म्हणून मीं ती काढून टाकली होती व दुवे नुसते तांबूस रंगांत ठेवले होते. परदेशांतील एका तयार आराखड्यावरून हें सर्व मीं घेतलें होतें, आणि रात्रीं दिवा मालवून संगणकाच्या मोठ्या पडद्यावर तें पाहिलें म्हणजे मला धुक्यांतून आजोळ दिसल्यासारखें वाटे. हा "धुक्यांतून" शब्द आपण ध्यानांत ठेवावा; पुढें तो माझ्यावर उलटणार आहे.

अभिप्राय येऊं लागले. कांहीं ई-मेलनें, कांहीं मोबाईलवरील निरोपांतून, तर कांहीं प्रत्यक्ष लग्नसमारंभांत, जेथें टीका करणाराच्या हातांत जिलबीचें ताट असल्यामुळें त्याच्याशीं फार वेळ वाद घालतां येत नाहीं. एक गृहस्थ म्हणाले, पान सुनें सुनें दिसतें, चित्रें घाला. एका बाईंनीं लिहिलें कीं आहेत तीं दोन चित्रेंहि काढलींत तर बरें. मथळ्यांचा रंग पाहून एकांना एस्. टी.च्या गाडीची आठवण झाली. त्यांच्याच पत्नीला तो रंग पाहून माहेर आठवलें. एका उत्साही तरुणानें सुचविलें कीं पान उघडतांच सनईचे सूर ऐकूं यावे. आणि निरनिराळ्या गांवच्या, एकमेकांस न ओळखणाऱ्या बऱ्याच जणांनीं एकच वाक्य लिहिलें: अक्षर मोठें करा.

मीं काय केलें? प्रत्येकाला उत्तर लिहिलें. सविस्तर लिहिलें. करडा रंग डोळ्यांना कसा सौम्य असतो, रिकामी जागा हेंहि एक प्रकारचें अलंकरण कसें आहे, हें सर्व मीं विद्वत्तेनें समजावून दिलें. एकादें उत्तर मूळ अभिप्रायाच्या वीसपट लांब झालें. माझ्या एका शाळासोबत्यानें त्यावर एवढेंच कळविलें: "तुझें उत्तर सहज वाचतां आलें, कारण तें ई-मेलच्या साध्या काळ्या अक्षरांत होतें. पान अजून वाचतां येत नाहीं." मी हंसलों, चार स्नेह्यांना तें वाक्य ऐकविलें, आणि त्यांत माझ्या सगळ्या प्रश्नाचें उत्तर आहे हें मला आणखी कित्येक महिने कळलें नाहीं.

त्या दिवसांत मला एका ऐतिहासिक गोष्टीचा फार आधार वाटे. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें जॉन बास्करव्हिल् या नांवाचा मुद्रक होऊन गेला. आधीं तो अक्षरलेखन शिकवीत असे. पुढें लाखेच्या रोगणाच्या धंद्यांत त्यानें पैसा मिळविला आणि पन्नाशीच्या सुमारास तो सर्व छापण्याच्या छंदांत घातला. अक्षरांचीं वळणें त्यानें स्वतः ठरविलीं, शाई स्वतः सिद्ध केली, छापलेला कागद दाबून गुळगुळीत करून घेतला, आणि १७५७ सालीं व्हर्जिलचें काव्य छापून प्रसिद्ध केलें. आज त्याच्या अक्षराची गणना उत्तम अक्षरांत होते. त्या वेळीं मात्र लोक म्हणूं लागले कीं याच्या अक्षरांतील बारीक रेषांनीं डोळे बिघडतात.

बेंजामिन फ्रँकलिन हा स्वतः मुद्रक. त्यानें १७६० सालीं बास्करव्हिलला एक पत्र लिहून त्यांत एक गंमत कळविली. एक गृहस्थ त्याच्यापाशीं बास्करव्हिलच्या अक्षराची निंदा करूं लागले. हा मनुष्य साऱ्या राष्ट्राला आंधळें करणार, असें त्यांचें म्हणणें. पुढें ते गृहस्थ फ्रँकलिनच्या घरीं आले तेव्हां त्यानें आंतून अक्षरांच्या नमुन्यांचा एक कागद आणून त्यांच्या पुढें ठेवला आणि दोष कोठें आहे तें दाखविण्याची विनंति केली. गृहस्थांनीं एकेक अक्षर घेऊन दोष दाखविले आणि वाचतांना डोळ्यांस कशी पीडा होते तेंहि सांगितलें. वास्तविक तो कागद कॅसलन या दुसऱ्याच अक्षरकाराच्या नमुन्यांचा होता. वरचा नांवाचा भाग फ्रँकलिननें फाडून टाकला होता. ज्या अक्षरांत ते गृहस्थ जन्मभर सुखानें वाचीत आले, ज्या अक्षरांत त्यांचें स्वतःचें पुस्तक छापलेलें होतें, त्याच अक्षरांनीं त्यांचे डोळे दुखले! फ्रँकलिननें त्यांना खरें काय तें सांगितलें नाहीं, उगाच लाजविलें नाहीं.

ही गोष्ट मीं दोघांतिघांना माझ्या उत्तरांत लिहूनहि पाठविली. तात्पर्य त्यांनीं समजून घ्यावें अशी अपेक्षा होती. आज तें आठवलें म्हणजे मला संकोच वाटतो. गोष्ट खरी आहे, पण ती माझ्या उपयोगाची नव्हती. त्या गृहस्थांच्या मनांत बास्करव्हिलविषयीं आधींच वांकडें होतें. मला लिहिणारे लोक माझे आप्त, स्नेही, आजोळच्या गांवचे. त्यांच्या मनांत पूर्वग्रह असलाच तर तो माझ्या बाजूचा होता. ज्याला आपलें कौतुक करावयाचें आहे असा माणूस जेव्हां कुरकुर करतो, तेव्हां ती कुरकुर त्याच्या तोंडून मोठ्या कष्टानें बाहेर पडलेली असते.

"अक्षर मोठें करा" ही सूचना मीं शेवटीं, अंमळ रुसूनच, मान्य केली. अक्षर मोठें केलें. तक्रारी थांबल्या नाहींत, उलट वाढल्या. मोबाईलच्या अरुंद पडद्यावर एका ओळींत तीनचार शब्द मावूं लागले, वाक्य पायऱ्या उतरल्यासारखें खालीं जाऊं लागलें, आणि बोट सरकवून सरकवून माणसें कंटाळलीं. मीं मनांत म्हटलें, पाहा, यांचें ऐकलें आणि हें झालें. सूचना चुकीची होती हें खरेंच होतें. पण त्यावरून तक्रारहि खोटी होती असा जो निष्कर्ष मीं काढला, तेथें माझें गणित चुकलें. पोट दुखत आहे असें सांगणाऱ्या रोग्यानें औषध चुकीचें मागितलें, म्हणून त्याचें पोट दुखत नाहीं असें कांहीं होत नाहीं.

या गणितांतली एक पायरी मला आमच्या आळींतील एका वृद्ध जुळाऱ्यानें दाखविली. शिशाचे खिळे जुळविण्यांत त्यांचीं तीस वर्षें गेलेलीं. मीं पान त्यांच्या हातीं दिलें तेव्हां त्यांनीं तें वाचलें नाहींच. मोबाईल हातभर दूर धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "साहेब, ह्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन टेकतो आहे. आम्ही असें पान दिलें असतें तर फोरमननें फर्मा परत धाडला असता." मग दोन ओळींच्या मध्यें शिशाच्या पातळ पट्ट्या कशा सारीत, हें त्यांनीं बोटांच्या चिमटीनें मला दाखविलें.

ही गोष्ट जरा उकलून सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या लिपीची आहे. रोमन लिपींतील पुष्कळशीं लहान अक्षरें एका पट्ट्यांत बसतात. बाकीचीं वर डोकावतात किंवा खालीं पाय सोडतात. आपलीं अक्षरें शिरोरेखेला टांगलेलीं. रेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खालीं उकार, ऋकार आणि जोडाक्षराचें दुसरें अंग. "मूर्ति" हा साधा शब्द घ्या: खालीं दीर्घ ऊकार, वर वेलांटी आणि तिच्यावर रफार. वरच्या ओळींत एक मूर्ति आणि तिच्याच खालच्या ओळींत दुसरी मूर्ति आली तर पहिलीचा पाय दुसरीच्या मुकुटांत अडकणारच. माझ्या परदेशी आराखड्यांत दोन ओळींमधील अंतर अक्षराच्या मापाच्या सव्वापट धरलेलें होतें. इंग्रजीला तें चालतें. मराठीला तें कोंडून टाकतें. मीं तें पावणेदोनपट केलें. अक्षर पुन्हां पहिल्या मापावर आणलें, आणि तरीहि दोघांनीं कळविलें कीं अक्षर मोठें केलेंत, बरें झालें!

परंतु मुख्य दोष अजून तसाच होता, आणि तो कळण्यास मला दिवाळींत साताऱ्यास जावें लागलें.

माझी थोरली बहीण तेथें असते. आम्ही तिला अक्का म्हणतों. तिला एकोणऐंशीवें वर्ष लागलें आहे. माझ्या पानावरचे निम्मे शब्द मूळचे तिचे. माझ्या लहानपणीं आजोळच्या भाषेचा अर्थ तीच मला सांगे. पान सुरू झाल्यापासून मी तिला फोनवर विचारीत असें, "वाचतेस ना?" आणि ती म्हणत असे, "हो, छान लिहितोस." त्या दिवाळींत मीं फराळाच्या ताटावरून सहज म्हटलें, "अक्का, कालचें नवें टिपण वाच पाहूं माझ्यासमोर."

तिनें मोबाईल घेतला. चष्मा पुसला. खुर्चीवरून उठून खिडकीशीं गेली, पडदा बाजूला केला, मोबाईल इकडून तिकडून तिरपा करून पाहिला. मग नातीला हांक मारून म्हणाली, "तूंच वाच ग मला." आणि माझ्याकडे वळून, अपराध्यासारखी, म्हणाली, "माझ्याच डोळ्यांत आतां कांहीं राहिलेलें नाहीं रे. तुझें पान चांगलेंच आहे." नात शाळेंतून आल्यावर, वेळ मिळाला तर, एकादें टिपण तिला वाचून दाखवीत असे. पुढें परीक्षा आली, मग तेंहि राहिलें. अडीच वर्षांत अक्कानें माझीं पांचसहा टिपणें ऐकलीं होतीं. स्वतः एकहि वाचलें नव्हतें.

त्याच खुर्चीपाशीं सकाळचें वर्तमानपत्र पडलें होतें, आणि त्यांतील शब्दकोडें अक्कानें अर्धें सोडविलेलें होतें. मीं तें पत्र तिच्या हातीं दिलें आणि निधनवार्तांचा रकाना दाखविला. तो तिनें घडाघडा वाचला. कोणाचें वय काय, कोणाच्या मागें किती सुना आणि किती नातवंडें, सर्व. त्या रकान्यांतलीं अक्षरें माझ्या पानावरील अक्षरांहून लहान होतीं.

तेव्हां डोळे गेले नव्हते आणि अक्षरहि लहान नव्हतें. अक्षर पुसट होतें. मी ज्याला धुकें म्हणत होतों तें अक्काला धुकेंच दिसत होतें, आणि धुक्याच्या पलीकडे तिला कांहीं दिसत नव्हतें.

घरीं आल्यावर मीं याचा शास्त्रार्थ पाहिला. वय वाढतें तसें डोळ्यांतलें भिंग पिवळसर व गढूळ होत जातें, बाहुलीहि पूर्वीइतकी विस्फारत नाहीं. साठाव्या वर्षीं डोळ्याच्या आंतल्या पडद्यावर जो प्रकाश पोंचतो तो विसाव्या वर्षाच्या सुमारें एकतृतीयांशच असतो असें नेत्रशास्त्र सांगतें. मोतीबिंदु होऊं लागला असेल तर गडद आणि फिकट यांतला भेद आणखीच मावळतो. चष्म्यानें अक्षर स्पष्ट होईल. फिकें अक्षर चष्म्यानें गडद होत नाहीं.

या भेदाला मापहि आहे. जागतिक जालाचे दंडक ठरविणाऱ्या डब्ल्यू. थ्री. सी. या संस्थेनें २००८ सालीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत अक्षराचा उजळपणा आणि भूमीचा उजळपणा यांचें प्रमाण कसें काढावें तें दिलें आहे. पांढऱ्यावर निव्वळ काळें अक्षर असेल तर हें प्रमाण २१ येतें. साध्या मजकुराला तें निदान ४.५ असावें असा नियम. ठळक मोठ्या मथळ्यांना ३ चालतें. माझ्या सौम्य, सुसंस्कृत करड्या अक्षरांचें प्रमाण मीं काढलें तें २.८५ भरलें. अक्कानें कोणत्याहि नियमाचें साहाय्य न घेतां खिडकीशीं जाऊन तेंच मोजलें होतें. आतां माझीं अक्षरें कोळशाच्या रंगाचीं आहेत आणि प्रमाण १२ च्या वर आहे. हा बदल करण्यास मला एक मिनिटहि लागलें नाहीं. त्याविरुद्ध पत्रें लिहिण्यांत मात्र माझीं अडीच वर्षें गेलीं.

त्या अडीच वर्षांचा हिशेब मला अजून नीट मांडतां येत नाहीं. ज्या दोनतीन माणसांसाठीं मीं तें पान मांडलें होतें त्यांपैकीं एक माझे धाकटे मामा. त्या घरांत शेवटपर्यंत तेच राहिले. त्यांनींहि मला "उत्तम" असेंच कळविलें होतें. गेल्या श्रावणांत ते निवर्तले. त्यांनीं पान वाचलें होतें, कीं अक्कासारखें नुसतें उत्तम म्हटलें होतें, हें विचारण्याची सोय आतां राहिली नाहीं.

पत्र लिहून टीका करणारा माणूस निदान आपला दोष पानाच्या माथीं मारतो. पुष्कळसे वाचक पानाचा दोष आपल्या माथीं घेतात आणि गप्प बसतात. माझे एक जुने सहकारी आहेत. त्यांना तांबड्या आणि हिरव्या रंगांतला भेद कळत नाहीं. हा दोष पुरुषांत स्त्रियांपेक्षां पुष्कळच अधिक आढळतो. त्यांनीं मला प्रथमच कळविलें होतें, "छान आहे, पण फार थोडकें आहे." त्यावर मीं संक्षेपाच्या सौंदर्याविषयीं त्यांना एक मोठें पत्र लिहिलें. पुढें समजलें कीं माझे तांबूस दुवे त्यांना इतर अक्षरांतून वेगळे दिसतच नव्हते, आणि खालची रेघ तर मींच पुसून टाकलेली. बिचाऱ्यांना वाटलें, या गृहस्थांनीं एकच पान लिहिलें आहे! ती ओबडधोबड रेघ मीं परत आणली आहे. खरें सांगावयाचें तर अजूनहि ती मला आवडत नाहीं.

सर्वांत रागीट पत्र आलें तें कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेकडून. "तुमच्या पानावरचा ल हिंदी आहे," असें पहिलेंच वाक्य. मला तें अतिरेकी वाटलें. पण पाहिलें तर बाईंचें म्हणणें अक्षरशः खरें. आपण शाळेंत पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवितों. हिंदींतील वळणें वेगळीं. महाराष्ट्र शासनानें २००९ सालच्या निर्णयांत मराठी वर्णमालेचीं रूपें ठरवून दिलेलीं आहेत. संगणकाच्या कोष्टकांत मात्र ल एकच. मराठी ल, हिंदी ल असे दोन क्रमांक नाहींत. चांगल्या टंकांत दोन्ही वळणें कोरून ठेवलेलीं असतात, आणि पानाच्या आरंभीं जी भाषा लिहिलेली असेल तिच्याप्रमाणें टंक योग्य तें वळण पुढें करतो. माझ्या उसन्या आराखड्यांत भाषेच्या जागीं "इंग्रजी" असें लिहिलेलें तसेंच राहून गेलें होतें! मीं तेथें मराठी लिहिलें, दोन्ही वळणें असलेला टंक घेतला, आणि पाव घटकेंत सगळ्या ल-कारांना पाकळ्या फुटल्या. आजोळच्या मराठीविषयीं एवढा गहिंवर दाखविणाऱ्या पानानें आपली भाषा इंग्रजी म्हणून नोंदविलेली असावी, याचें बाईंना मीं मुळींच स्पष्टीकरण दिलें नाहीं. नुसते आभार मानले.

याचा अर्थ असा नव्हे कीं जो जें सांगेल तें मी आतां करीत सुटलों आहें. सनई वाजत नाहीं. ज्याला सनई हवी असेल तो ती लावूं शकतो. ज्याला नको त्याला ती रात्रीं अकरा वाजतां शेजारीं निजलेल्या माणसासकट ऐकावी लागते. चित्रें आहेत तितकींच आहेत. मथळ्यांचा जांभा रंग मीं ठेवला आहे; एस्. टी.ची आठवण झाली तरी ठेवला आहे, कारण तो वाचण्याच्या आड येत नाहीं, आणि आजोळीं जाणारी गाडीहि त्याच रंगाची होती. कोणाला एकादी गोष्ट आवडली नाहीं आणि कोणाला ती दिसली नाहीं, या दोन तक्रारी ऐकावयास सारख्याच असतात, म्हणून मी आतां उत्तरांत आधीं विचारतों: आपण कशावर वाचतां, केव्हां वाचतां, कोणत्या शब्दापाशीं थांबलांत? एक गृहस्थ म्हणाले, दुपारच्या लोकलच्या दारांत उभा राहून वाचतों. एक बाई म्हणाल्या, घरांतलीं सर्व निजल्यावर, दिवा न लावतां, उजेड अगदीं कमी करून वाचतें. या उत्तरांनीं मला जें शिकविलें तें "पान आवडलें का?" या प्रश्नानें कधींच शिकविलें नसतें. आणि माझीं उत्तरें आतां दोनतीन ओळींचींच असतात; काय केलें तें सांगतों, जें केलें नाहीं तें कां केलें नाहीं तेंहि एका वाक्यांत सांगतों. बास्करव्हिलची गोष्ट कोणाला पाठवीत नाहीं.

अक्काचा फोन आला तो मार्गशीर्षांत, पान काळ्या अक्षरांत उभें राहिल्याला पंधराएक दिवस झाल्यावर. नमस्कार-चमत्कार कांहीं नाहीं.

"अरे, बेडें म्हणजे गडग्यांतलें दार असें लिहिलें आहेस तूं?"

"हो. कां?"

"दार कसलें? दाराला बिजागरी असते, ती कवाडी. बेडें म्हणजे दोन बाजूंच्या खांबांना भोकें पाडून त्यांतून आडवे बांबू सरकवतात, तें. गुरें आंत येऊं नयेत म्हणून. वरचे दोन बांबू सारले कीं माणूस ओलांडून जातो, आणि गाडी यायची असली म्हणजे सगळे काढतात. तूं लहान होतास, खालून सरपटत जायचास, म्हणून तुला दार वाटलें असेल."

अडीच वर्षें तें टिपण तसेंच उभें होतें. शेंकडों लोकांनीं तें वाचलें असेल. कोणीं तरी तें उतरूनहि घेतलें असेल. मीं विचारलें, "आणखी कांहीं?"

"आज पंधरा शब्दच वाचून झाले आहेत," ती म्हणाली. "कागद घे."

मीं कागद घेतला. त्या पंधरांत चार चुका निघाल्या.